साठावा दिवस

शुक्रवार, ८ ऑगस्ट २०२५, सातारा

सकाळी साडेसातचा तास. पाऊस असूनही वर्ग बऱ्यापैकी भरला होता. कायद्याच्या तिसऱ्या वर्षाची पोरं, विषय भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे अटक, तपास, जामीन, खटला कसा चालवायचा ते सांगणारा कायदा. साडेदहाला कोर्टात उभं राहायचं असतं, म्हणून मला हीच वेळ जमते. तासिका तत्त्वावर शिकवायला लागून सहा वर्षं झाली. मानधन कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही, पण हा तास सोडावासा वाटत नाही.

आज कलम १८७ होतं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १६७: आरोपी कोठडीत असताना पोलिसांनी किती दिवसांत तपास पुरा करायचा. गेल्या वर्षी १ जुलैला नवे कायदे लागू झाले तेव्हापासून दोन्ही आकडे सांगावे लागतात, कारण कोर्टात अजून सगळ्यांच्या तोंडी जुनेच आहेत. पोरांना आकडे चटकन पाठ होतात. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा, जन्मठेप, फाशी असेल तर ९० दिवस, बाकी गुन्ह्यांना ६०. तेवढ्यात दोषारोपपत्र, म्हणजे तपास पुरा करून पोलिसांनी कोर्टात द्यायचा आरोपांचा अहवाल, आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क. सगळ्यांनी एका सुरात म्हणून दाखवलं.

मग मी फळ्यावर लिहिलं: घरातली चोरी, भारतीय न्याय संहितेचं कलम ३०५. अटक रविवारी ८ जूनला, न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर ९ जूनला, त्याच दिवशी कोठडी. आता मोजा.

पाच मिनिटं नुसती बोटं हलत होती. मग तीन उत्तरं आली. काहींनी अटकेपासून धरलं, त्यांचा साठावा दिवस ६ ऑगस्टला आला. बऱ्याच जणांनी कोठडीचा पहिला दिवस सोडला, त्यांचा आला आज. बरोबर उत्तर दोघींचंच होतं: ७ ऑगस्ट. मोजणी कोठडीच्या आदेशापासून होते, अटकेपासून नाही, आणि तो पहिला दिवसही धरायचा. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हे कायमचं ठरवून टाकलं. त्याआधी निकाल दोन्ही बाजूंनी होते.

मागून एक जण म्हणाला, "मॅडम, एका दिवसानं काय एवढा फरक पडतो?"

मी खडू खाली ठेवला. म्हटलं, हक्क आज सकाळीच मिळाला. तू आजचा साठावा धरून बसलास, अर्ज उद्यावर टाकलास. उद्या दुसरा शनिवार, वर राखी पौर्णिमा. आणि आज संध्याकाळी पाचच्या आत पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं तर? हक्क होता, पण तू मागितला नाहीस. आता तो गेला.

मग जे कधी वर्गात सांगितलं नव्हतं ते सांगितलं. वकिलीच्या तिसऱ्या वर्षी मी असाच पहिला दिवस सोडून मोजला होता. अर्ज टाईप करून पिशवीत तयार होता. सकाळी कोर्टात गेले तर आदल्या संध्याकाळीच दोषारोपपत्र लागलेलं. तो एकोणीस वर्षांचा मुलगा पुढे पाच महिने आत राहिला. त्याची आई दर तारखेला यायची, पायरीवर बसून असायची. मला एकदाही बोलली नाही. तो पुढे निर्दोष सुटला, पण पाच महिने कुणी परत दिले नाहीत.

वर्गात एकदम शांतता झाली. पहिल्या बाकावरची एक मुलगी, एरवी फार बोलत नाही, तिने विचारलं, "आणि वकीलच नसेल तर मॅडम? दिवस कोण मोजणार?"

या प्रश्नासाठीच तर मी शिकवते. सर्वोच्च न्यायालयातल्या १९७९ च्या हुसैनारा खातून प्रकरणातले, बिहारच्या तुरुंगांतले कच्चे कैदी, म्हणजे निकाल लागायच्या आधीच आत असलेले, डोळ्यांसमोर आले. गुन्हा सिद्ध झाला असता तर जेवढी शिक्षा झाली असती त्याहून जास्त काळ त्यांतले कित्येक खटला न चालताच आत होते. त्यांचे दिवस कुणी मोजलेच नव्हते. आता कायद्याने काही माणसांवर जबाबदारी टाकली आहे. आरोपीला वकील नसेल तर सरकारी खर्चाने मिळतो, जिल्ह्यात लोकअभिरक्षक, म्हणजे असा बचाव करायला नेमलेले वकील, आहेत. नव्या संहितेच्या कलम ४७९ खाली आधी कधीच कुठल्या गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ काढला, की जामिनासाठी कोर्टाला लेखी कळवायचं काम तुरुंग अधीक्षकाचं आहे. जन्मठेप-फाशीचे गुन्हे त्यातून वगळलेत, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तरी तो लाभ नाही. हे अपवाद मी दोनदा सांगितले, कारण नातेवाईक अर्धवट ऐकून आशेवर येतात.

ती सगळं लिहून घेत होती. मग म्हणाली, "पण अधीक्षकांनी नाही कळवलं तर?" मी तिला म्हटलं, तर तू कळव.

तास संपला तरी चार-पाच जण फळ्यापाशी थांबून आपापल्या तारखा पुन्हा मोजत होते. मी फळा पुसला नाही.

पुढच्या शुक्रवारी १५ ऑगस्ट, तास नाही. त्याऐवजी मंगळवारी दुपारी, रिमांडच्या, म्हणजे आरोपींना कोठडीसाठी हजर करतात त्या वेळेला, सगळ्यांना कोर्टात यायला सांगितलंय. मोबाईल बंद, मागच्या बाकावर बसायचं, वही पेन आणायचं. आरोपी आत आला की आधी त्याच्याकडे बघा, मग तारीख लिहा, असं सांगितलंय.