आमची वाटचाल : खोक्यापासून उबवणीपेटीपर्यंत

पाळीव पालींची आणि सरड्यांची अंडी उबवण्यासाठी लागणाऱ्या पेट्या आम्ही बनवतो. पहिली पेटी म्हणजे थर्मोकोलचे खोके आणि आत एक बल्ब. बल्ब लागला की तापमान चढायचे, विझला की उतरायचे. दोन-तीन अंशांचा फरक तसा किरकोळ वाटतो, पण लेपर्ड गेको या पाळीव पालीत पिल्लू नर होणार की मादी हे उबवणीचे तापमानच ठरवते. २६ अंश सेल्सिअसला जवळजवळ सगळ्या माद्या निघतात, ३२-३३ ला बहुतेक नर, आणि ३४ च्या वर पुन्हा माद्या. म्हणून बल्ब काढून हीटिंग केबल घातली, तापमान ठरलेल्या अंशावर ठेवणारा थर्मोस्टॅट बसवला आणि तळाशी पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवल्या. दार उघडले तरी बाटल्यांतले पाणी ऊब धरून ठेवते. थर्मोस्टॅटचा सेन्सर केबलजवळ नव्हे, अंड्यांच्या पातळीवर हवा. नाहीतर आकडा केबलचा दिसतो आणि अंडी गारच राहतात. वीज गेल्यावर थोडा वेळ आलेला गारवा अंडी सोसतात, फार तर पिल्लू उशिरा निघते. जास्त उष्णता मात्र मारते.

तापमान जमले तरी अंडी वाया जात होती, आणि त्यात चूक आमच्या माहितीपत्रकाची होती. ‘व्हर्मिक्युलाइट (अंडी ज्यात पुरतात ते पाणी धरून ठेवणारे हलके खनिज) ओलसर करा’ एवढेच आम्ही छापले होते. कुणाचे ओलसर म्हणजे चिखल, कुणाचे नुसता शिडकावा. लेपर्ड गेकोच्या अंड्याचे कवच चामड्यासारखे मऊ असते, ते पाणी शोषते आणि सोडतेही. कोरडे पडले की अंडे चेपते, फार ओले झाले की तट्ट फुगते आणि आतला गर्भ गुदमरतो. आता आम्ही वजनच छापतो : १०० ग्रॅम कोरड्या व्हर्मिक्युलाइटला ८० ते १०० ग्रॅम पाणी. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, थेंब गळू नये. डब्यात हे व्हर्मिक्युलाइट भरून त्यात अंडी अर्धी पुरून झाकण लावा, अख्खा डबा तोला आणि वजन झाकणावर लिहा. अंड्यांनी शोषलेले पाणी डब्यातच राहते, त्यामुळे पुढे जेवढे वजन घटेल तेवढीच वाफ बाहेर गेलेली असते. तेवढे कोमट पाणी आठवड्याला कडेने सोडायचे, अंड्यांवर नाही. सुरुवातीच्या झाकणांना आम्ही खूप भोके पाडत होतो, डबे सुकत होते. आता दोन बारीक भोके पुरतात, कारण आठवड्याला झाकण उघडताना हवा बदलतेच.

अंडे फिरवायचे नाही, हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला दोनदा सांगतो. कोंबडी अंडी फिरवते, पण पालीच्या अंड्यात घातल्यानंतर दिवसाभरात गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो. उलटले तर तो मरू शकतो. म्हणून उचलण्याआधी वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने खूण करा. आठवडा-दहा दिवसांनी अंधारात बारीक टॉर्च लावून पाहा. गुलाबी प्रकाशात लाल शिरांचे जाळे दिसले तर अंडे जिवंत. नुसते पिवळे दिसणाऱ्याला बहुधा बुरशी लागते. ते वेगळे करा, पण शंका असेल तर टाकू नका. बुरशी लागलेल्या अंड्यातूनही धडधाकट पिल्लू निघू शकते.

बिअर्डेड ड्रॅगन या पाळीव सरड्यासाठी मोठा डबा नंतर आला, कारण तो एका खेपेला १५-२५ अंडी घालतो. लेपर्ड गेको दोनच. ड्रॅगनला २८-२९ अंश ठेवा. त्याचे लिंग गुणसूत्रांवर ठरते, तरी ३२ च्या वर गेल्यास नराची गुणसूत्रे असलेली पिल्लेही मादी होऊ शकतात.

लेपर्ड गेको ३२ अंशांना साधारण दीड महिन्यात निघतो, २६-२७ ला दोन महिने किंवा जास्त लागतात. अखेरीस अंड्यावर घामासारखे थेंब येतात, ते थोडे चेपते. तेव्हा पाणी घालू नका. कवचाला चीर पडल्यावर पिल्लू तोंड बाहेर काढून तासन् तास तसेच पडून राहते, उरलेला बलक पोटात घेत असते. ओढून काढले तर बलकाची पिशवी फाटते. बाहेर आल्यावर ओल्या टिश्यूवर ठेवा. पहिली कात टाकेपर्यंत ते खात नाही, त्यानंतर छोटे रातकिडे द्या.