तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रीक येत नसताना ग्रीक नाटक कसं अभ्यासायचं?

‘ग्रीक येत नाही, लॅटिन येत नाही, मग प्राचीन ग्रीक-रोमन रंगभूमीचा अभ्यास जमेल का? आणि सुरुवात कुठून करायची?’ नाट्यशास्त्राचे विद्यार्थी आणि हौशी नाटकवाली मंडळी हे हमखास विचारतात.

जमेल. फक्त ॲरिस्टॉटलपासून सुरुवात करू नका. त्याचा जन्म इ.स.पू. ३८४चा, नाटककार सोफोक्लीस त्याच्या वीसेक वर्षं आधीच गेला होता. ॲरिस्टॉटलचं ‘काव्यशास्त्र’ आधी वाचलं की प्रत्येक नाटकात नायकाचा दोष हुडकत बसायची खोड लागते. शिवाय ज्या तीन ऐक्यांचा (कृती, काळ, स्थळ) एवढा घोष होतो, त्यातल्या स्थळैक्याबद्दल त्या ग्रंथात अवाक्षर नाही. सोफोक्लीसच्याही आधीच्या एस्खिलसचं ‘युमेनिडीस’ हे नाटक डेल्फीत सुरू होतं आणि अथेन्सला संपतं. विंदा करंदीकरांनी केलेलं ‘काव्यशास्त्रा’चं मराठी भाषांतर जवळ असू द्या, पण दहाएक नाटकं वाचून झाल्यावर उघडा.

नाटकं तरी किती उरलीत? एस्खिलसची ७, सोफोक्लीसची ७, युरिपिडीसची १९, ॲरिस्टोफेनीसची ११. (दोन-तीन नाटकं नेमकी कोणाची यावरून वाद आहेत, ते सध्या सोडा.)

ओळक्रमांक नसलेलं भाषांतर मात्र घेऊ नका. पानांचे आकडे आवृत्तीगणिक बदलतात, ओळींचे सहसा नाही. सगळी चर्चा ओळींवरच चालते. लोब या द्विभाषिक ग्रंथमालेत डाव्या पानावर ग्रीक आणि उजव्या पानावर इंग्रजी असतं, ते सोयीचं. पर्सियस या संकेतस्थळावर मूळ संहिता फुकट मिळते. ग्रीक लिपी २४ अक्षरांची आहे, आठवड्याभरात बसते, तेवढी शिकाच. आणि कंसातल्या ‘आत जातो’, ‘रडते’ अशा सूचनांवर विसंबू नका. त्या जवळपास सगळ्या संपादकांच्या किंवा भाषांतरकारांच्या आहेत. जुन्या पपायरसांवर (लव्हाळ्याच्या कागदावरच्या हस्तलिखितांत) बोलणारं पात्र बदललं की बऱ्याचदा नुसती एक आडवी रेघ असते, बोलणाऱ्याचं नावसुद्धा नसतं.

आता वही घ्या आणि रकाने पाडा: ओळ, कोण आलं, कुठून (दारातून की बाजूच्या वाटेने), कोण गेलं, हातात काय आहे, आणि हे पात्र कोणता नट करतोय. नट तीनच, सगळे पुरुष, मुखवटे घातलेले. हा तक्ता भरताना नाटक जेवढं कळतं तेवढं शंभर पानी प्रस्तावनेने कळत नाही.

एस्खिलसचं ‘खोएफोरोई’ (इ.स.पू. ४५८) घेऊन बघा. बापाच्या खुनाचा सूड घ्यायला आलेल्या ओरेस्टीसबरोबर पिलाडीस नावाचा मित्र पहिल्यापासून आहे आणि तो बोलतच नाही. प्रेक्षक त्याला बिनसंवादाचा सोबती समजून सोडून देतात. ओरेस्टीस आईवर शस्त्र उगारतो, डगमगतो आणि विचारतो, पिलाडीस, काय करू? तेव्हा ९०० ते ९०२ अशा तीनच ओळी पिलाडीस बोलतो: अपोलो देवाच्या कौलाचं मग काय? तक्त्यात मात्र इथे पंचाईत होते. एक नट ओरेस्टीस करतोय, दुसरा त्याची आई क्लायटेम्नेस्ट्रा, आणि तिसरा आत्ताच, ८८६व्या ओळीपर्यंत, नोकर होऊन बोलत होता. डझनभर ओळींत त्याने आत जाऊन मुखवटा आणि वस्त्र बदलून यायचं! प्राचीन टीपकाराने नेमकं हेच लिहून ठेवलंय: चौघांना बोलायला लागू नये म्हणून नोकरच पिलाडीस होऊन येतो. काही अभ्यासकांना ही घाई अशक्य वाटते, ते चौथा नट मानतात. मला टीपकाराचं पटतं. डोकं झाकणारा मुखवटा केसांसकट एका झटक्यात बदलतो.

कोरसची (गाणाऱ्या-नाचणाऱ्या समूहाची) गाणी भाषांतरात रटाळ वाटतात म्हणून लोक गाळतात. ती गाळलीत तर नटांना बदलायला वेळ कुठे मिळतो हे दिसणारच नाही. एस्खिलसच्याच ‘ॲगमेम्नॉन’मध्ये आतून किंकाळी आल्यावर कोरस गोंधळतो, तिथे १३४८ ते १३७१ या ओळी मोजा: दोन-दोन ओळींची बारा मतं. एस्खिलसचा कोरस बारा जणांचा होता, याचा हा संहितेतलाच पुरावा मानतात. सोफोक्लीसने तो पंधराचा केला.

छायाचित्रांपासून जपा. एपिडॉरसचं देखणं गोल रंगस्थळ इ.स.पू. चौथ्या शतकातलं. सोफोक्लीसने ते पाहिलेलं नाही. त्याच्या अथेन्समध्ये प्रेक्षकांची बाकं लाकडी होती, आणि अटिकातल्या (अथेन्सभोवतीच्या प्रदेशातल्या) थोरिकॉसचं रंगस्थळ तर चौकोनाकडे झुकणारं आहे. खरे मुखवटेही उरलेले नाहीत. वस्तुसंग्रहालयांत दिसतात त्या भाजलेल्या मातीच्या किंवा दगडाच्या प्रतिकृती. त्यापेक्षा नेपल्सचं प्रोनोमॉस भांडं बघा: सॅटिर-नाट्याचा (अर्धपशू सॅटिरांचा कोरस असलेल्या विनोदी नाटकाचा) चमू, बहुतेकांचे मुखवटे हातात.

रोमकडे वळलात तरी नंतरची वास्तू आधीच्या नाटकांना चिकटवायची हीच चूक होते. विनोदी नाटककार प्लॉटस गेला इ.स.पू. १८४च्या सुमारास, रोममधलं पहिलं कायमचं दगडी नाट्यगृह पॉम्पेने बांधलं इ.स.पू. ५५ला. म्हणजे प्लॉटस आणि त्याच्यानंतरचा विनोदी नाटककार टेरेन्स यांची नाटकं सणापुरत्या उभारलेल्या लाकडी मंचावर झाली. पाच अंकांची विभागणीही त्यांची नव्हे. आणि प्लॉटसचा अर्ध्याहून जास्त मजकूर टिबिया या जोडपाव्याच्या साथीवर चालायचा. तो निव्वळ गद्य फार्स म्हणून वाचणं म्हणजे ‘सौभद्र’ पदं वगळून वाचण्यासारखं. टेरेन्सच्या सहाही नाटकांचं संगीत फ्लॅकस नावाच्या गुलामाचं. प्रयोगाच्या नोंदींत त्याचं नाव आणि कोणते पावे वापरले तेही दिलंय. टेरेन्सचं ‘हेकिरा’ वाचायच्या आधी ती नोंद वाचा, मग प्रस्तावना. डोंबाऱ्याच्या खेळामुळे पहिला प्रयोग कसा मोडला, हे तिथेच सांगितलंय.