वसतिगृहातला हौद

सोलापूरकराला नळाला रोज पाणी न येण्याचे नवल वाटत नाही. पाणी आले की पिंप आणि घागरी भरून ठेवायच्या, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेले असते. २०१६ मध्ये अभियांत्रिकीच्या वसतिगृहात इंटरनेटची मर्यादा वाट्याला आली, तेव्हा मात्र हेच शहाणपण सुचायला आम्हाला एक अख्खे सत्र लागले.

प्रत्येकाला दिवसाला ५०० एमबी मिळत, ते संपले की वेग रांगू लागे आणि रात्री १२ ते सकाळी ६ मोजणी बंद असे. मर्यादा उठवा, असे गाऱ्हाणे घेऊन आम्ही नेटवर्क सांभाळणाऱ्या सरांकडे गेलो, तेव्हा त्यांनी वाद न घालता फळ्यावर हिशेब मांडला. लाइन १०० एमबीपीएसची. हा आकडा सेकंदाला किती मेगाबिट्स हे सांगतो आणि ८ बिट्सचा एक बाइट होतो, म्हणून त्याला ८ने भागायचे, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ एमबी. एकाच वेळी २५० जण डाउनलोड करू लागले, तर प्रत्येकाला ५० केबी, आणि त्या वेगाने १ जीबीची फाइल उतरायला साडेपाच तास.

हा हिशेबही समान वाटपाचा होता, आणि प्रत्यक्षात वाटप तसे होतच नव्हते. टीसीपीमध्ये, म्हणजे इंटरनेटवर माहिती पाठवण्याच्या नेहमीच्या नियमपद्धतीत, गर्दीच्या वेळी वाटा साधारणपणे कनेक्शनगणिक पडतो, माणसागणिक नाही; त्यामुळे डाउनलोड मॅनेजर लावून एकाच फाइलसाठी १६ कनेक्शन उघडणारा विद्यार्थी म्हणजे नळाला थेट मोटार लावणारा शेजारीच. (अशी मोटार मीही लावली होती, हे इथे कबूल करतो.) रात्रीची मोकळीक याच मंडळींच्या पदरात पडे आणि बाकीच्यांचे साधे मेलचे पानही उघडत नसे.

डोळे उघडले ते प्रयोगशाळेच्या कामामुळे. वर्गातल्या ४० जणांना उबुंटू १६.०४ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम हवी होती. फाइल सुमारे दीड जीबीची, म्हणजे प्रत्येकाने स्वतंत्रपणे उतरवली असती, तर त्याच एका फाइलसाठी ६० जीबी खर्ची पडले असते. आमच्यापैकी एकाने ती रात्री एकदाच उतरवली, चेकसम (फाइल बिनचूक उतरल्याची खूण असलेला आकडा) जुळवून पाहिला आणि पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या एका ओळीने ते फोल्डर लॅनवर, म्हणजे वसतिगृहातल्या अंतर्गत नेटवर्कवर, खुले केले. मोजणी होत असे ती बाहेरच्या लाइनवर. खोल्या-खोल्यांतली देवाणघेवाण तीत धरली जात नसे. त्यामुळे खोल्यांना जोडणारा स्विच जुनाच असला, तरी फाइल दोन-तीन मिनिटांत हाती येई.

पुढे सरांनी प्रयोगशाळेतला एक निकामी ठरवलेला संगणक ५०० जीबीच्या डिस्कसह आम्हाला दिला. त्यावर सॉफ्टवेअर, जुन्या प्रश्नपत्रिका आणि एनपीटीईएलची (आयआयटी वगैरे संस्थांच्या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांची) व्याख्याने साठू लागली. त्या यंत्राचे नाव आम्ही ‘हौद’ ठेवले आणि जिन्यापाशी चिठ्ठी लावली: डाउनलोड करण्यापूर्वी हौदात पाहावे.