डावं उजव्यावर, उजवं डाव्यावर

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण वॉर्डातल्या राउंडच्या गडबडीत मोबाइलवर आलं. ‘शाळेने मला काय दिलं’ यावर लिहा म्हणे. पुष्कळ दिलं असेल, पण मला आठवतात त्या स्काउट-गाइडच्या बाई. बाकीच्या सरांनी, बाईंनी रागावू नये.

नाव लिहायची गरज नाही. शनिवारी सकाळी टाकीजवळ हातात दोरी घेऊन उभ्या असलेल्या बाई सगळ्यांनी पाहिल्यात. रीफ नॉट शिकवताना एकच घोष: “डावं उजव्यावर, मग उजवं डाव्यावर.” दोन्ही फेरे एकाच बाजूने घेतले तरी गाठ दिसायला तशीच दिसते, ताण आला की सरकते. म्हणून बाई गाठ बघत नसत, ओढत. सुटली की दोरी मुकाट आपल्या हातात परत.

संमेलनाचा किस्सा आमच्या बॅचला आठवत असेलच. पाहुणे व्यासपीठावर, ईशस्तवनाची पेटी सुरू झालेली आणि बाई शिडीवर! मंडपवाल्याने पडद्याची दोरी कशीतरी गुंडाळली होती, ती त्यांना खालून दिसली. मुख्याध्यापक खुणा करून थकले. बाईंनी एकूण एक गाठ सोडून पुन्हा बांधली, खाली उतरल्या आणि पदर खोचलेलाच ठेवून पाहुण्यांना नमस्कार केला. पुढच्या वर्षी मंडपवाला आला तो आधी “बाई आहेत का?” असं विचारतच.

पुढे साडेचार वर्षं एमबीबीएस, वर्षभर इंटर्नशिप आणि मग नीट-पीजी, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा. साडेतीन तासांत २०० प्रश्न; हात कसा चालतो हे त्यात कुणी विचारत नाही. जनरल सर्जरी भरली तेव्हा आत्या म्हणाली, “स्किन घे गं, रात्री घरी तरी असशील.” तिचं अगदीच चूक नव्हतं. पहिलं वर्ष रक्ताचे नमुने, ड्रेसिंग, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात घालायची नळी), ड्रेनच्या नळीतून आलेल्या द्रवाची मापं आणि ऑपरेशन थिएटरमध्ये जखम उघडी ठेवणारा रिट्रॅक्टर धरून उभं राहण्यात जातं. रात्री पलंगाच्या कठड्याला टाक्यांचा सिल्कचा दोरा बांधून एका हाताने गाठी मारत बसायचं.

एका पहाटे अपेंडिक्सच्या केसमध्ये मॅडमनी धमनी बांधायची गाठ माझ्याकडे दिली. तिथे वर ओढ बसली तर धमनी फाटते. फेरा बोटाने खाली दाबत न्यावा लागतो. मी तीन फेरे घेतले. मॅडमनी निरखून पाहिलं. “कुठे शिकलीस?” म्हटलं, “शाळेत, गाइडला.” त्या मास्कमधून हसल्या आणि सिस्टरकडे कात्री मागितली. आता मी थर्ड इयरला आहे. ज्युनिअर कठड्यावर गाठी मारत बसले असले की मी जाऊन ओढून बघते. ते वैतागतात.

दिवाळीत शाळेत डोकावले होते. टाकीच्या जागी पार्किंग झालंय आणि शनिवारचा तास स्पर्धा परीक्षेच्या फाउंडेशनला गेलाय. यातली काही मुलं उद्या मेडिकलला येतील, चांगले मार्क घेऊन येतील आणि पहिल्या महिन्यात दोरा हातात धरून गोंधळतील. मला हे पटलेलं नाही, तसं मुख्याध्यापकांना सांगूनही आले. महोत्सव समितीला विनंती आहे की देणगीतून कमान उभारण्याआधी तो तास परत द्या. दोऱ्यांचा खर्च मी देते. ड्यूटी नसेल त्या शनिवारी येईनही, मात्र गाठी तपासायला बाईंनाच बोलवा.