वाटीभर साखर, चार वाट्या पाणी

साताऱ्याला आमच्या परसातल्या जास्वंदीवर शिंजीर यायचा. त्यामुळे २०२० च्या एप्रिलमध्ये, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेल या गावी, शेजाऱ्यांच्या कुंपणावरून आमच्या अंगणात झुकलेल्या लाल करंटच्या झुडपापाशी एक इवलासा पक्षी दिसला, तेव्हा मला पहिल्या क्षणी तो शिंजीरच वाटला. पण शिंजीर बहुधा फांदी धरून, मान वाकवून फुलात चोच घालतो. हा पक्षी मात्र हवेत एका जागी थांबून एकेक फूल तपासत होता, आणि चोच बाहेर काढताना तो तोंड न फिरवता सरळ मागे सरकला. तो हमिंगबर्ड होता. हमिंगबर्ड अमेरिकेच्या दोन खंडांबाहेर कुठेही आढळत नाहीत. भारतात हमिंगबर्ड म्हणून जी छायाचित्रे एकमेकांना पाठवली जातात, त्यांतला पक्षी बहुतेक वेळा शिंजीरच असतो. त्याच संध्याकाळी मी एक फीडर मागवला. साखरेच्या पाण्याची बाटली टांगली की काम झाले, अशी तेव्हा माझी समजूत होती, आणि ती दुरुस्त व्हायला पुढची दोन वर्षे लागली.

फीडरबरोबर लाल रंगाच्या तयार पावडरीचे एक पाकीट आले होते. पहिला आठवडा मी तेच वापरले. मग वाचनात आले की पाण्याला रंग असण्याची काहीही गरज नसते. फीडरची प्लॅस्टिकची फुले लाल असली की पक्ष्याला ती दुरून दिसतात, आणि तेवढे पुरते. पाकीट टाकून दिले आणि लगेच दुसरी चूक केली, जी मराठी घरात वाढलेल्या कोणालाही सहज होईल. पांढऱ्या साखरेपेक्षा गूळ पौष्टिक, हे मनात इतके पक्के बसलेले होते की मी गुळाचे पाणी करून बाटलीत भरले. शेजारच्या आजींनी, ज्या अनेक वर्षे या पक्ष्यांना खाऊ घालत आल्या आहेत, ते तपकिरी पाणी कुंपणापलीकडून पाहिले आणि मला तेव्हाच्या तेव्हा बाटली उतरवायला लावली. गुळात आणि तपकिरी साखरेत काकवीचा अंश असतो, त्यातून लोह पोटात जाते, आणि फुलांच्या मकरंदावर जगणाऱ्या या पक्ष्यांच्या शरीराला जादा लोहाची सवय नसल्यामुळे ते घातक ठरू शकते. मधही चालत नाही, कारण पाणी मिसळलेला मध लवकर आंबतो आणि त्यात बुरशी झपाट्याने वाढते. साधी पांढरी साखरच योग्य, कारण हमिंगबर्ड ज्या फुलांवर जातात त्यांच्या मकरंदातही मुख्यतः हीच साखर असते. प्रमाण एक वाटी साखरेला चार वाट्या पाणी. एकतारी पाकाची सवय असलेल्या हाताला हे पाणी फारच पातळ वाटते, परंतु ते दाट करण्याचा मोह टाळावा. मी पाणी गरम करून त्यात साखर विरघळवते, ते पूर्ण गार झाल्यावरच भरते आणि उरलेले आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवते.

नवव्या दिवशी सकाळी पहिला पक्षी आला. तो अ‍ॅना हमिंगबर्डचा नर होता. सावलीत त्याचे डोके काळपट दिसत होते, आणि तो उन्हाकडे वळताच गळ्यापासून माथ्यापर्यंतचा सगळा भाग एकदम गडद गुलाबी झळाळला. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत जेमतेम १० सेंटिमीटर लांबी आणि ४-५ ग्रॅम वजन, म्हणजे एका चहाच्या चमच्यात मावणाऱ्या साखरेएवढे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ रने लेसाँ यांनी १८२९ मध्ये या जातीला अ‍ॅना मासेना या सरदारपत्नीचे नाव दिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पक्षी फक्त दक्षिण कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोच्या लगतच्या पट्ट्यात वीण करत असे. लोकांनी बागांमध्ये लावलेली बाहेरची फुलझाडे आणि नंतर टांगलेले फीडर यांच्या आधाराने तो उत्तरेकडे सरकत गेला, आणि आज आमच्याकडे तो बाराही महिने राहतो. कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराने तर २०१७ मध्ये त्याला आपला नगरपक्षी ठरवले. हे वाचल्यावर मला एक गोष्ट नीट समजली: माझ्या अंगणात हा पक्षी हिवाळ्यात दिसतो, यामागे माणसांचा हात आहे, आणि म्हणून त्याच्याबाबत माणसांची काही जबाबदारीही आहे.

किरकोळ अडचणी पहिल्याच उन्हाळ्यात सुटल्या. फीडरच्या तारेवरून मुंग्यांची रांग लागली, तेव्हा आईला फोनवर सांगितले. ती म्हणाली, "अगं, दुधाच्या कपाटाच्या पायांखाली आपण पाण्याच्या वाट्या ठेवायचो ना, विसरलीस का?" तोच उपाय इथे उलटा टांगून मिळतो: हूक आणि फीडर यांच्यामध्ये पाण्याने भरलेली छोटी वाटी अडकवायची, म्हणजे मुंग्यांना पाणी ओलांडता येत नाही. तारेला तेल किंवा ग्रीस मात्र कधीही लावू नये, कारण ते पिसांना लागले तर पक्ष्याला काढता येत नाही. ऑगस्टमध्ये गांधीलमाश्या आल्या, तेव्हा उलट्या बाटलीचा फीडर बदलून बशीसारखा पसरट फीडर आणला. त्यात पाणी छिद्रांपासून खाली असते, हमिंगबर्डची लांब जीभ तिथे पोहोचते आणि माशी पोहोचत नाही. खिडकीच्या काचेवर पक्षी आपटू नये म्हणून फीडर काचेपासून दोन फुटांवर टांगला. काचेच्या इतक्या जवळून उडालेल्या पक्ष्याला जोरात आपटण्याएवढा वेग येत नाही.

खरा धडा २०२१ च्या जूनने दिला. त्या महिन्याच्या अखेरीस सगळ्या प्रदेशावर उष्णतेची लाट बसली होती आणि २८ जूनला सिअ‍ॅटलच्या विमानतळावर ४२ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. आमच्याकडे वातानुकूलन नव्हते, मुलाला ताप होता, आणि फीडरकडे माझे पाच दिवस लक्षच गेले नाही. लक्ष गेले तेव्हा पाणी गढूळ झाले होते, त्याला आंबट वास येत होता, आणि छिद्रांच्या आत काळ्या बुरशीचे ठिपके धरले होते. नर त्या दिवशीही येऊन बसला, त्याने एकदा जीभ लावली आणि तो उडून गेला. मला फार अपराधी वाटले. रिकामी बाटली टांगलेली असती, तर तो फक्त दुसऱ्या फुलाकडे गेला असता. खराब पाण्याची बाटली मात्र त्याला आजारी पाडू शकत होती. त्या दिवसापासून मी वेळापत्रक केले. थंडीत चार-पाच दिवसांनी, एरवी तिसऱ्या दिवशी आणि कडक उन्हात रोज, पाणी शिल्लक असले तरी ते ओतून टाकायचे. फीडर पूर्ण सुटा करायचा, गरम पाण्यात व्हिनेगर घालून बाटली घासण्याच्या ब्रशने आणि छिद्रांसाठीच्या बारीक ब्रशने घासायचा, आणि वास जाईपर्यंत खळखळून धुवायचा. ज्या फीडरचे भाग सुटे होत नाहीत तो कितीही सुंदर असला तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. याच कारणासाठी बाटली अर्धीच भरते. मोठा फीडर काठोकाठ भरण्याने पक्ष्यांचे भले होत नाही.

त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये उलट टोकाची परीक्षा झाली. नाताळनंतर बर्फ पडला आणि आमच्या अंगणातला तापमापक उणे ८ अंशांवर गेला. साखरेचे हे पाणी शून्याच्या किंचित खालीच गोठू लागते. इथे डिसेंबरची रात्र साडेपंधरा तासांची असते, आणि एवढी रात्र काढण्यासाठी हमिंगबर्ड शरीराचे तापमान खूप खाली आणून, हृदयाचे ठोके मंद करून गुंगीत जातो. पहाटे त्यातून बाहेर येताना त्याच्या अंगात फारच थोडी ऊर्जा उरलेली असते, आणि उजाडताच त्याला खाणे लागते. पहिल्या सकाळी आठ वाजता मी पडदा सरकवला, तेव्हा मादी पिसे फुलवून फीडरच्या कडेवर बसली होती आणि गोठलेल्या पाण्यावर चोच टेकवत होती. मी तशीच धावत जाऊन फीडर आत आणला. दुसऱ्या दिवसापासून दोन फीडर ठेवले, एक बाहेर आणि एक घरात. रात्री दोन्ही आत आणायचे, सकाळी सातला, अंधार असतानाच, एक बाहेर लावायचा आणि दर तासाला अदलाबदल करायची. चार दिवसांनी फीडरच्या तळाशी बसणारा, लहानसा बल्ब असलेला तापक आला आणि धावपळ थांबली. थंडीत साखरेचे प्रमाण वाढवावे असे काही जण सांगतात. मी ते वाढवले नाही, पाणी गोठू न देण्यावरच भर दिला.

साखर ही केवळ ऊर्जा आहे, आणि हमिंगबर्डचे खरे पोषण लहान किडे व कोळी यांच्यावर होते, हे मला उशिरा उमगले. पिलांच्या वाढीसाठी तर त्यांच्यावाचून चालतच नाही. म्हणून अंगणात कीटकनाशक मारणे पूर्ण थांबवले. जास्त पिकलेल्या केळ्यांच्या साली एका जाळीच्या पिशवीत घालून झाडाला टांगल्या, त्यांवर चिलटे जमली, आणि मादी त्या पिशवीभोवती हवेतल्या हवेत ती टिपू लागली. झाडांमध्ये, पहिल्या दिवशी पाहिले होते तेच लाल करंट मी स्वतः लावले. ते मूळचे याच प्रदेशातले झुडूप आहे आणि मार्चमध्ये नेमके तेव्हा फुलते, जेव्हा तांबूस रंगाचे रूफस हमिंगबर्ड मेक्सिकोतली थंडी संपवून इथे पोहोचतात. त्यांतले काही तर पुढे अलास्कापर्यंत जातात. थंडीसाठी महोनिया लावला, जो आपल्या दारुहळदीच्या कुळातला आहे आणि ऐन डिसेंबर-जानेवारीत पिवळ्या फुलांनी भरतो. फुले उमलली की पक्षी फीडरकडे कमी येतात, याचा मला आनंदच होतो.

एकच नर सगळे अंगण आपले मानून इतरांना हुसकावत असे, म्हणून दुसरा फीडर घराच्या दुसऱ्या बाजूला, त्याला दिसणार नाही असा टांगला. भांडण मिटले नाही, पण मादीला निवांत पिता येऊ लागले.

२०२२ च्या फेब्रुवारीअखेरीस हीच मादी वारंवार स्वयंपाकघराच्या खिडकीच्या चौकटीपाशी येऊन, चोचीने काहीतरी ओढून नेताना दिसली. ती कोळ्याची जाळी होती. लहानपणी दिवाळीआधी जळमटे काढण्याचे काम माझ्याकडे असे, त्यामुळे हात शिवशिवत होते, पण मी त्या चौकटीला झाडू लावला नाही. घरटे मागच्या सीडरच्या आडव्या फांदीवर, सुमारे ३ मीटर उंचीवर सापडले: जाळ्यांनी बांधलेले, आत कापसासारखे मऊ, बाहेरून दगडफूल चिकटवलेले आणि एखाद्या अक्रोडाच्या अर्ध्या कवचाएवढे. आम्ही त्या बाजूला जाणे बंद केले आणि घरातून दुर्बिणीने पाहिले. दोन पिले होती. नर फिरकतही नाही, सगळे मादी एकटीच करते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात घरटे रिकामे झाले. त्यानंतर सहा दिवसांनी, आखूड चोचीचे आणि अजून विस्कटलेल्या पिसांचे एक पिल्लू फीडरपाशी आले, दोनदा छिद्राच्या बाजूला चोच आपटली, तिसऱ्यांदा ती आत गेली. पाण्याचा तो तिसरा दिवस होता. ते पिऊन उडून जाईपर्यंत मी दारात थांबले, आणि मग बाटली धुवायला उतरवली.