"येते हं" म्हणायचं आणि खरंच यायचं

आमची चिऊ सव्वातीन वर्षांची आहे. जूनमध्ये तिला घराजवळच्या एका गाणी-गोष्टी-रंगकामाच्या क्लासला घातलं, मंगळवार आणि शुक्रवार, सव्वा तास, आईबाबांनी आत थांबायचं नाही. त्याआधी एका दुसऱ्या क्लासला जायचो, तिथे मी तिच्यासोबत बसायचे त्यामुळे मला वाटलं होतं की हिला क्लासची सवय आहे. पण सवय आईसोबत क्लासची होती, क्लासची नव्हती. पहिल्याच मंगळवारी तिने दारातच माझी ओढणी दोन्ही मुठीत धरली आणि अशी रडली की माझेही डोळे भरून आले.

दोन-तीन वेळा असंच झालं. मग एकदा ती ठोकळे लावण्यात रमलेली असताना तिथल्या एका ताईंनी मला डोळ्यांनी खूण केली, जा आता, आणि मी गेले. हळूच, चपला हातात घेऊन. तासाभराने घ्यायला आले तर ताई म्हणाल्या फार रडली नाही, मलाही हायसं वाटलं. पण पुढचा आठवडाभर चिऊ मला बाथरूमलासुद्धा एकटीला जाऊ देईना, दाराबाहेर बसून "आई आहेस ना?" विचारत राहायची, रात्री दोनदा-तीनदा उठून माझ्या तोंडावरून हात फिरवून बघायची की मी आहे ना जागेवर. तेव्हा मला कळलं की मी काय केलंय ते. तिच्या दृष्टीने आई कुठल्याही क्षणी नाहीशी होऊ शकते, फक्त आपली नजर हलायचा अवकाश. मग खेळात रमायचं तरी कसं त्या पोरीने, सतत लक्षच ठेवावं लागणार ना.

आपल्याकडे निघताना "जाते" म्हणत नाहीत, "येते" म्हणायचं, माझी आजी तर जाते म्हटलं की रागवायची. मी लहानपणापासून तसंच बोलत आले पण त्या शब्दाचा अर्थ मला चिऊमुळे कळला. येते म्हणजे परत येणार आहे. लहान मूल ते अक्षरशः तसंच घेतं. म्हणून त्या दिवशी ठरवलं की डोळा चुकवून परत कधीच जायचं नाही, रडली तरी चालेल पण सांगूनच निघायचं, आणि सांगितलं तसं यायचं.

सासूबाईंचं म्हणणं होतं दोन दिवस रडेल आणि गप्प होईल. त्यांनी चार मुलं वाढवलीत, त्यांचा अनुभव मी नाकारत नाही, पण गप्प होणं आणि शांत होणं यात फरक आहे असं मला मनापासून वाटतं. त्यांच्याकडे घर माणसांनी भरलेलं होतं, मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायचं. चिऊला मी, बाबा, आणि सुट्टीत आजी, एवढेच.

चिऊच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले आई दूर गेली की हे घाबरणं साधारण आठव्या-नवव्या महिन्यापासून सुरू होतं, दीड वर्षाच्या आसपास सगळ्यात जास्त असतं, तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेकांचं कमी होतं, पण नवीन जागा, नवीन माणसं आली की परत डोकं वर काढतं. चार आठवड्यांच्या वर तसंच राहिलं, रोज पोट दुखायला लागलं, झोप उडाली, वाईट स्वप्नं पडायला लागली तर मात्र दाखवायला या.

मग आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली. ताईंशी बोलून एका सोमवारी क्लास रिकामा असताना तिला घेऊन गेलो, चपलांचं कपाट, सतरंजी, रंगांचे डबे, सगळं तिने हात लावून बघितलं. घरी क्लासची गाणी म्हणायला लागलो. मला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांची आठवण झाली, बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलं बालवाडीत येईनात तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली होती. आपण निदान दोन गाणी तरी घरात आणू शकतो की.

आणि एक दिवस बाहुल्यांचा क्लास क्लास खेळताना चिऊची बाहुली रडायला लागली. मी विचारलं का गं रडते, तर चिऊ म्हणाली "तिला शू आली आणि कुणाला सांगायचं माहीत नाही." मी सुन्न झाले. इतके दिवस मी समजत होते की तिला फक्त आई हवीये, आणि इकडे पोरीच्या पोटात ही भीती होती! दुसऱ्या दिवशी ताईंनी तिचा हात धरून बाथरूम दाखवलं, लाइटचं बटण दाखवलं, "मला फक्त करंगळी दाखवायची, मी लगेच येणार" असं सांगितलं. माझ्या मते निम्मं रडणं त्या दिवशी संपलं. "का रडतेस" असं समोर बसवून विचारलं असतं तर तिने कधीच सांगितलं नसतं, खेळात सांगितलं.

निरोप छोटा ठेवला आणि रोज एकच. टाळी, पापी, आणि "गाणं, डबा, रंग, मग आई. येते हं." साडेअकरा वाजता येते याचा तिला काही अर्थ नाही, पण रंगानंतर आई हे कळतं. तिच्या दप्तरात माझ्या जुन्या ओढणीचा रुमालाएवढा तुकडा असतो. रडली तरी मी परत आत जात नाही, ते अवघड जातं, पहिल्यांदा मी जिन्यात बसून राहिले होते आणि ताईंनी सात-आठ मिनिटांनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, हातात पिवळा रंग, डोळे सुजलेले पण कागदाकडे लक्ष. घ्यायला मी पाच मिनिटं आधीच दारात उभी राहते. जुलैत एकदा पावसात रिक्षा मिळाली नाही आणि दहा मिनिटं उशीर झाला, पुढचे दोन क्लास परत मुसळधार रडणं.

मेरी एन्सवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आई बाहेर जाते आणि परत येते तेव्हा मुलं काय करतात याचा बारकाईने अभ्यास केला होता. त्यांनी सोडतानाच्या रडण्यापेक्षा परत भेटल्यावर मूल कसं वागतं याला जास्त महत्त्व दिलं. ते वाचल्यापासून मी घ्यायला गेल्यावर फोन बॅगेत ठेवते. आधी चिऊ मला बघून तोंड फिरवायची, एकदा तर मला मारलं होतं. आता पळत येते, दोन मिनिटं नुसती कुशीत बसते, मग चपला शोधते.

आठवड्यातून दोनदाच असल्यामुळे शुक्रवार ते मंगळवार या मधल्या दिवसांत गाडी थोडी मागे जातेच, त्यामुळे सोमवारी संध्याकाळी आम्ही बाहुल्यांचा क्लास भरवतो. दिवाळीची सुट्टी मोठी आहे, त्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी तिला परत जड जाणार हे धरूनच मी त्या दिवशी ऑफिसला अर्धी रजा टाकलीये. ताईंना सांगून ठेवलंय, पंधरा मिनिटांपासून सुरू करू.