न खोडलेलं नाव

मृत्युपत्राचे मसुदे करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, पण त्या दिवशी मी एका कलमापाशी अडले.

काकांनी कच्चा मसुदा स्वतःच लिहून आणला होता. घर, ठेवी, शेअर, सगळं चोख. शेवटी मात्र होतं : 'मुलांनी प्रामाणिकपणे वागावे. न वागल्यास हिस्सा मिळणार नाही.'

"काका, प्रामाणिक वागले की नाही, हे ठरवणार कोण?"

ते गप्प झाले. अशी मोघम अट कोर्टात टिकणं कठीण, वर भावंडांच्या हाती भांडायला निमित्त मिळतं. आल्फ्रेड नोबेल यांनी १८९५ मध्ये वकिलाशिवाय मृत्युपत्र केलं. हेतू केवढा मोठा! पण पैसा सांभाळून पारितोषिकं देणारी संस्थाच तेव्हा नव्हती. नातेवाइकांनी हरकत घेतली, आणि पहिली पारितोषिकं द्यायला १९०१ उजाडलं.

काकांनी पिशवीतून एक वही काढली. पुठ्ठा निखळलेला, कडा काळवंडलेल्या. शिकताना फीसाठी ज्यांनी पैसे दिले त्यांची नावं आणि रकमा. फेडले की नावावर रेघ. नावं १७, रेघा १६. शेवटच्या माणसाचा पत्ता पुढे लागलाच नाही.

"हे लिहा ना काका. कलमात नको, पत्रात लिहा."

कुणाला काय द्यायचं ते मृत्युपत्रात येतं. का, ते सोबतच्या पत्रात लिहावं. पत्र कायद्याने बंधनकारक नसतं. त्यात वाटणीचा शब्दही येऊ देऊ नये, नाहीतर तेच दुसरं मृत्युपत्र असल्याचा वाद उभा राहतो. जे बंधनकारक हवं ते नेमकं लिहायचं. ते कलम काढून आम्ही ठेवींचा एक भाग गरजू विद्यार्थ्यांच्या फीसाठी ट्रस्टकडे दिला, विश्वस्त नेमले, पैसे कुणाला आणि कसे द्यायचे तेही घातलं.

चार दिवसांनी पत्र आलं. पाच पानं. उपदेश कुठेच नाही. एकेका नावापुढे त्या दिवशी काय घडलं, एवढंच. पाकिटावर 'माझ्यानंतर उघडावे'. मला राहवलं नाही.

"काका, वाचून मुलांना काही विचारावंसं वाटलं तर? आत्ताच दाखवा."

मुलगी बाहेर बसली होती; वारस म्हणून सहीच्या वेळी मी तिला आत घेतलं नव्हतं. सह्या झाल्या, दोन्ही साक्षीदार गेले. काकांनी तिला हाक मारली आणि वही पुढे सरकवली. एकेक रेघ बघत तिचं बोट खाली आलं आणि थांबलं.

"बाबा, हे कोण?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. मी पुढची भेट अर्ध्या तासाने ढकलली.